रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें घर

थोर पुरुषांचीं चरित्रें आपण वाचतों, तीं बहुधा सभामंडपांत घडलेलीं असतात. त्यांनीं कोणते ग्रंथ लिहिले, कोणत्या चळवळी केल्या, किती लोकांस आपल्या मागें नेलें, हें आपणांस पाठ असतें. परंतु सायंकाळीं दार लोटून ते घरांत आले म्हणजे घरच्या माणसांस कसें वाटे, पानावर कोण कोण बसे, मुलांशीं ते काय बोलत, हें क्वचितच कोणी सांगतो. हा वार्षिक अंक विद्यार्थ्यांबरोबर त्यांचे आईबापही वाचतात. म्हणून यंदा आम्ही ज्या पुरुषाचें चरित्र निवडलें आहे, त्याच्या घराच्या दारानेंच आंत शिरावें, असें योजिलें आहे. ते पुरुष म्हणजे फुलांमुलांचे कवि रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांच्या कविता बालपणापासून आपल्या कानांवर आहेत. पण त्यांनीं मोडलेलें व पुन्हां उभारलेलें घर हेंही त्यांचें एक मोठें काव्य होय, असें आम्हांस वाटतें.

नारायणरावांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव या खेड्यांत झाला. डोंगर, ओहोळ, झाडी आणि पाऊस यांनीं भरलेल्या कोंकणाचें पहिलें दर्शन त्यांच्या डोळ्यांतून पुढें कधींच पुसलें गेलें नाहीं. आई जानकीबाई ही भाविक, प्रेमळ व काव्याची आवड असलेली स्त्री होती. वडील वामनराव स्वभावानें कडक होते. बापाच्या धाकानें मुलगा घरापासून दूर सरे, आणि आईच्या मायेनें पुन्हां घरीं येई. अशा स्थितींत नारायण दहाअकरा वर्षांचा असतांनाच आई वारली. त्याला घराशीं बांधणारा दोर तुटला. थोडक्याच काळांत तो घर सोडून निघाला व नाशिकास आला. घर म्हणजे काय, हें पुढें ज्यानें इतरांस शिकविलें, त्याच्या आयुष्याचा आरंभ घरावांचून झाला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी.

नाशिकास त्यांस विद्वान् गुरु लाभले. गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. इंग्रजी शाळेंतील शिक्षण फार झालें नाहीं. परंतु जें पुस्तक हातीं येईल तें वाचून त्यांनीं आपली विद्या आपणच वाढविली. मोठ्या पदव्या त्यांच्यापाशीं नव्हत्या. तरी संस्कृतांत शीघ्रकविता करण्याचें सामर्थ्य, अस्खलित वक्तृत्व आणि शिकविण्याची हातोटी हीं त्यांस लवकरच प्राप्त झालीं.

सन १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या कन्येशीं त्यांचा विवाह झाला. वधू अकरा वर्षांची होती. माहेरचें तिचें नांव मनकर्णिका. सासरीं ती लक्ष्मीबाई झाली. या मुलीचे वडील सोवळ्याओंवळ्याच्या बाबतींत इतके काटेकोर होते, कीं बाजारांतून आलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत घेतां येत नसे. शिवाशिवीच्या भयानें सर्व घर जणूं सदैव ओलें असे. कोणाचें पाणी चालतें, कोणाचें चालत नाहीं, कोणाची सावली टाळावयाची, हाच त्या मुलीचा पहिला धडा होता. तिला अक्षरओळखही नव्हती. ती ओळख तिला पुढें नवऱ्यानेंच करून दिली. विद्वान् नवऱ्यानें अशिक्षित बायकोची थट्टा करून स्वस्थ बसावें, असा तो काळ होता. टिळकांनीं तिच्या हातांत पुस्तक दिलें. आज मराठींतील एक अत्यंत सुंदर आत्मचरित्र त्या हातानें लिहिलेलें आपण वाचतों.

परंतु टिळक हे आरंभापासूनच आदर्श गृहस्थ होते, असें आम्ही सांगूं लागलों तर तें सत्यास सोडून होईल. त्यांचा स्वभाव उतावळा व रागीट होता. राग जितका लवकर येई तितकाच लवकर ओसरे. पण तोंवर घरांतल्यांची त्रेधा उडालेली असे. एकाद्या दिवशीं मनांत येई व कोणास न सांगतां ते घरांतून निघून जात. पाय नेतील तिकडे फिरत, आणि घरीं बायको वाट पाहत बसे. नोकरी एका ठिकाणीं फार दिवस टिकत नसे. पैसा तर त्यांच्या खिशांत रात्रभर राहत नसे. रस्त्यांत जो गरजू भेटेल त्याचा तो होई. घरांत दुसऱ्या दिवसाचे दाणे आहेत कीं नाहींत, याची चौकशी करण्याचें काम त्यांनीं कायमचें लक्ष्मीबाईंवर सोंपविलें होतें. आईवांचून वाढलेल्या मुलास घर हवें असतें, पण घरांत राहावें कसें हें त्याला कोणी शिकविलेलें नसतें. टिळकांचें कांहींसें असेंच झालें होतें.

या भटकण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उघड्या आकाशाखालीं हा मनुष्य अगदीं निराळा होई. रानांतील एकादें फूल दिसलें तर त्यापाशीं थांबल्यावांचून त्यांचें पाऊल पुढें पडत नसे. जुन्या कवींनीं फुलें वाहिलीं तीं देवाच्या मस्तकावर किंवा नायिकेच्या वेणींत; टिळकांनीं फुलाला फूल म्हणून पाहिलें. कोणी न पाहिलेल्या जागीं फुललेल्या वनवासी फुलावर त्यांनीं दीर्घ कविता रचिली, आणि अशा फुलाचें जिणें व्यर्थ आहे काय, या प्रश्नांत मनुष्याच्या जीविताचा सर्व प्रश्न आणून ठेविला. शिकाऱ्यानें घायाळ केलेली एक पक्षिणी कशी धडपडत आपल्या घरट्याकडे, पिलांकडे परतते, ही त्यांची कविता महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांनीं शाळेंत पाठ केली व डोळे पुसले. रानांत हिंडतांना सुद्धां या कवीचें लक्ष घरट्याकडे होतें, हें त्या कवितेवरून दिसून येतें.

सन १८९१ च्या पुढें त्यांचें वास्तव्य नागपुराकडे होतें. तेथें आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें त्यांनीं संस्कृत ग्रंथांचें काम केलें. याच वर्षीं त्यांचा पुत्र देवदत्त, म्हणजे घरांतला दत्तू, जन्मास आला. पुढें सन १८९३ मध्यें राजनांदगांवाकडे आगगाडीनें जात असतां एका अपरिचित युरोपियन गृहस्थाशीं त्यांची गांठ पडली. काव्य व धर्म यांवर दोघांचें बोलणें झालें. उतरण्यापूर्वीं त्या गृहस्थानें त्यांस नव्या कराराची एक प्रत दिली, आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. त्या गृहस्थाचें नांव टिळकांस पुढें कधींही कळलें नाहीं. पुस्तक मात्र त्यांनीं वाचावयास घेतलें, व डोंगरावरील प्रवचनापाशीं येतांच त्यांचें मन तेथें खिळून राहिलें. अंतःकरणांतील झगडा दीर्घ काळ चालला. अखेर ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

या गोष्टीचा उल्लेख आपल्या मंडळींत आनंदानें करण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु त्याच दिवशीं एका घरांत काय झालें, तेंही पाहिलें पाहिजे. लक्ष्मीबाईंस या निश्चयाची पूर्वकल्पना नव्हती. नवरा जिवंत असून तो आपणांस मुकला, असें त्यांस झालें. ज्या मुलीला सावलीचाही विटाळ मानावयास शिकविलें होतें, तिच्या नवऱ्याच्या हातचें पाणी आतां तिला चालेनासें झालें. लहानग्या दत्तूस घेऊन त्या आपल्या आप्तांच्या आश्रयास राहिल्या. पंढरपुरासही त्यांनीं कांहीं काळ काढिला. लोकांचे टोमणे, दुसऱ्याच्या घरचें अन्न, अंगावर आजार, आणि मनांत नवऱ्याविषयींचें न आटणारें प्रेम, अशा स्थितींत चारपांच वर्षें गेलीं. त्या दुःखांत त्यांच्या तोंडून कविता निघूं लागली. इकडे टिळकही सुखी नव्हते. सत्यासाठीं सर्वस्व सोडावें लागलें तर सोडावें, हें त्यांनीं केलें. पण त्या सर्वस्वांत बायको व मुलगा होता, आणि त्यांची आठवण सोडणें त्यांस शक्य नव्हतें.

अशा वेळीं मनुष्यापुढें दोन सोपे मार्ग असतात. एक, सत्यावर पाणी सोडून घरीं परत जाणें. दुसरा, घरावर पाणी सोडून नवा संसार थाटणें. टिळकांनीं या दोहोंपैकीं एकही पत्करिला नाहीं. ज्या मनुष्यास साधी भाजी शिजेपर्यंत धीर नव्हता, तो मनुष्य आतां वाट पाहावयास शिकला. त्यांनीं पत्रें लिहिलीं, भेटी घेतल्या, विनविलें. आणि लक्ष्मीबाई अहमदनगरास येण्यास तयार झाल्या तेव्हां त्यांच्या धर्मास आपण हात लावणार नाहीं, हें वचन पाळिलें. लक्ष्मीबाईंचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळें. ख्रिस्ती उपदेशकाच्या बिऱ्हाडीं ब्राह्मणी सोंवळें चाले. एका संसारांत दोन चुली होत्या. पाहणाऱ्यांस हें विचित्र वाटलें असेल. आम्हांस तर या दोन चुलींत टिळकांच्या धर्माची खरी परीक्षा दिसते. व्यासपीठावर प्रीतीचा उपदेश करणें सोपें आहे. स्वतःच्या बायकोनें आपल्या हातचें पाणी नाकारावें आणि तरी तिच्यावर रागावूं नये, हें कठीण आहे, आणि रागीट मनुष्यास तर फारच कठीण आहे.

ती भिंत शेवटीं कोणीं पाडली? टिळकांनीं नव्हे. राहुरी येथें असतांना लक्ष्मीबाई एके दिवशीं एकट्याच विचार करीत होत्या. जातिभेद देवानें केला कीं माणसांनीं, हा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला. पशुपक्ष्यांच्या जाती दिसावयास निराळ्या आहेत. मनुष्यांत तसा भेद कोठें दिसतो? मग हा भेद देवाचा असेल कसा? विचार करतां करतां जन्मभराचें ओझें खालीं पडलें. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचें अन्नपाणी घेण्यास त्यांस संकोच वाटेना. टिळकांस हें कळलें तेव्हां त्यांस किती आनंद झाला असेल, तो आम्ही वर्णन करण्याचें कारण नाहीं. सन १९०० मध्यें लक्ष्मीबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. दोन चुलींची एक चूल झाली, आणि ती कोणाच्या आज्ञेनें नव्हे, तर जिची चूल तिच्याच विचारानें झाली. म्हणूनच ती पुढें विझली नाहीं.

या एका चुलीवर मग किती माणसें जेवलीं, याचा हिशेब कोणी ठेविला नाहीं. सन १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळांत महाराष्ट्रांत मुलें अनाथ झालीं, तेव्हां टिळकांच्या घराचें दार उघडें होतें. स्वतःचा मुलगा एक. पण तारा आली, आणि पाठोपाठ आणखी कितीतरी लेंकरें आलीं. टिळकांस स्वतः खाण्यापेक्षां दुसऱ्यास खाऊं घालण्याची हौस भारी. पाहुणा आणावयाचा टिळकांनीं, आणि डब्यांतलें पीठ चाचपावयाचें लक्ष्मीबाईंनीं, असा त्या घराचा नेम होता. शिजवणाऱ्या हाताचा विचार न करतां जेवणाऱ्यांस आमंत्रण देणें, हा दोष म्हणावा कीं गुण, याचा निवाडा आम्ही आमच्या वाचकांतील मातांवर सोंपवितों. लक्ष्मीबाईंनीं तो हंसत हंसत केला, एवढें खरें. ज्या माहेरीं बाहेरून आलेली प्रत्येक वस्तु धुऊन घ्यावी लागे, तेथली ही मुलगी आतां कोणत्याही जातीचें पोर आपल्या पानाशेजारीं बसवून जेववीत होती.

त्या घरांत शिजत असे तें अन्न जसें, तसें काव्यही. सन १९०७ मध्यें जळगांव येथें कविसंमेलन भरलें. त्यांत त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा सतरा वर्षांचा तरुण पुढें आला, आणि बालकवि या नांवानें महाराष्ट्रास माहीत झाला. टिळकांनीं त्यास अहमदनगरास आपल्या घरीं ठेवून घेतलें. टिळकांकडून त्यास मार्गदर्शन मिळालें व लक्ष्मीबाईंकडून आईची माया मिळाली. निसर्गावर एवढें प्रेम करणारे दोन कवि एका छपराखालीं राहिले, हें मराठी काव्याचें भाग्य होय. सन १९१८ च्या मे महिन्यांत भादली स्टेशनाजवळ आगगाडीच्या अपघातांत बालकवींचा अंत झाला, तेव्हां टिळक दंपत्यास पोटचा मुलगा गेल्यासारखें दुःख झालें. दुसऱ्याच्या मुलाचा गुण ओळखावा, तो आपल्या घरीं वाढवावा, आणि त्याची कीर्ति आपल्याहून अधिक झाली तर आनंद मानावा, हें शिक्षकाचें काम टिळकांनीं घरांत बसून केलें.

आपल्या हिंगोली जिल्ह्याचा व टिळकांचा प्रत्यक्ष संबंध आला असें नाहीं. परंतु एका नात्यानें ते आपल्या फार जवळचे आहेत. कयाधू नदीच्या काठचें आपलें नरसी हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान मानितात. नामदेव संसारी होते. त्यांच्या घरच्या माणसांच्या नांवें, आणि घरांत राबणाऱ्या जनाबाईच्या नांवें, आजही अभंग गाइले जातात. भक्ति ही घर सोडून रानांत शोधावयाची वस्तु नसून ती जात्यापाशीं व चुलीपाशींही सांपडते, ही आपल्या मातीची शिकवण आहे. टिळकांनीं ही शिकवण ओळखिली. आपण ख्रिस्ताकडे आलों ते तुकारामाच्या वाटेनें आलों, असें ते मानीत. म्हणून त्यांनीं परदेशी चालींवर अवलंबून न राहतां अभंग, पदें व भजनें शेंकड्यांनीं रचिलीं. आपल्या उपासनेंत टाळ वाजतो व मराठी मन मोकळें होतें, त्याचें बरेंच श्रेय त्यांस आहे.

सन १९०४ मध्यें त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. अहमदनगरच्या ईश्वरविज्ञान विद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें. सन १९१२ पासून ते ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचें संपादन पाहूं लागले. सन १९०९ मध्यें त्यांनीं ख्रिस्तायन हें महाकाव्य आरंभिलें. पण आरंभींचे कांहीं अध्यायच त्यांच्या हातून झाले. पुढील बहुतेक काव्य लक्ष्मीबाईंनीं लिहिलें, आणि शेवटची भर पुत्र देवदत्त यांनीं घातली. एका ग्रंथांत बाप, आई व मुलगा यांचीं अक्षरें लागोपाठ यावींत, असें उदाहरण आमच्या तरी पाहण्यांत दुसरें नाहीं.

अखेरच्या वर्षांत त्यांची जुनी ओढ पुन्हां जागी झाली. सन १९१७ मध्यें मिशनच्या पगाराचा त्याग करून ते साताऱ्यास गेले, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठीं त्यांनीं देवाचा दरबार स्थापिला. पूर्वीं ते घरांतून निघून जात ते रागानें किंवा लहरीनें. या वेळीं लक्ष्मीबाईंच्या मनांत त्यांच्याविषयीं संशय नव्हता. ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणें देहास अग्निसंस्कार करण्यांत आला, आणि रक्षा अहमदनगरास नेण्यांत आली. जेथें त्यांची एक चूल पेटली होती, तेथेंच ते परत आले.

लक्ष्मीबाईंनीं त्यांच्यामागें सतरा वर्षें काढिलीं. ता. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या निवर्तल्या. आयुष्याच्या संध्याकाळीं लिहिलेल्या स्मृतिचित्रांत त्यांनीं नवऱ्याचा राग, त्याची लहर, त्याचा विसराळूपणा यांपैकीं एकही झांकून ठेविलें नाहीं. आणि तरी तें पुस्तक वाचून संपलें म्हणजे आपल्या मनांत टिळकांविषयीं प्रेमच उरतें. ज्याच्या घरांतील माणसें त्याचे दोष जाणून त्याच्यावर इतकें प्रेम करितात, त्याला बाहेरच्या प्रशस्तिपत्राची गरज नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांस पुढें शिक्षणासाठीं, नोकरीसाठीं घर सोडावें लागेल. कांहींचा घरच्यांशीं मतभेदही होईल. तुम्हांस जें सत्य वाटेल तें भिऊन सोडूं नका. पण त्या सत्याच्या नांवानें घरच्या माणसांवर दारही लावूं नका. ज्यांस तें अद्याप दिसलेलें नाहीं, त्यांची वाट पाहा. आणि पालकहो, आपल्या घरीं भिन्न मताचें मूल वाढत असेल, तर लक्ष्मीबाईंची दुसरी चूल आठवा. वेगळी चूल सहन करण्याइतकी प्रीति ज्या घरांत असते, त्या घरांत एके दिवशीं सर्वांचीं पानें एका पंगतीस मांडिलीं जातात. परमेश्वर आपणां सर्वांस तेवढा धीर देवो.